वाफेवरची पंगत

साहित्याच्या अभ्यासकाने पानावर काय वाढले आहे याची चौकशी करावी की करू नये, याविषयी आपल्याकडे अजूनही थोडा संकोच आहे. ‘पान’ या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीत शेजारी-शेजारी नांदत असूनही पुस्तकाच्या पानाला जे गांभीर्य लाभले, ते केळीच्या पानाला लाभले नाही. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने ‘खमंग’ लिहिले, तेव्हाही अनेकांनी तो त्यांच्या विद्वत्तेचा विरंगुळा मानला, विद्वत्तेचा भाग मानला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास मांडू पाहतो आहोत, ती तर केळीच्या पानाइतकीही प्रतिष्ठित नाही. ती म्हणजे अमेरिकेतील भारतीय उपाहारगृहांत दुपारी साडेअकरा ते अडीचच्या दरम्यान मांडला जाणारा ‘लंच बुफे’.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे भाग आहे. भिंतीलगत एक लांब टेबल, त्यात बसवलेली स्टीलची आयताकृती पात्रे, पात्रांखाली उकळते पाणी किंवा जळणाच्या छोट्या डब्या. एका टोकाला बर्फावर ठेवलेली लेट्यूसची पाने, काकडी-कांद्याच्या चकत्या, हिरवी चटणी, चिंचेची चटणी आणि रायते. मग भात, पकोडे, डाळ माखनी, छोले, आलू-गोबी, साग पनीर, टोमॅटो-सायीच्या रश्शातले कोंबडीचे तुकडे, तंदुरी कोंबडी आणि दुसऱ्या टोकाला पाकात बुडालेले गुलाबजाम किंवा पातळ खीर. नान बहुधा टोपलीत येतो. १९९० च्या दशकात हे सारे सहा-सात डॉलरांच्या आसपास मिळे आणि कितीही वेळा घेता येई. ओहायोतील गाव असो की कॅलिफोर्नियातील, यादीत दोन-तीन नावांपलीकडे फरक पडत नसे. एवढ्या अफाट देशात, एकमेकांना न ओळखणाऱ्या शेकडो मालकांनी, कोणतीही मध्यवर्ती कंपनी पाठीशी नसताना, एकच यादी कशी काय मांडली? आमच्या मते हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नांहून फारसा वेगळा नाही. अभिजात ग्रंथांची यादी कोण ठरवतो, हे आपण विचारतोच.

भारतीय अन्न परदेशात विकले जाण्याचा इतिहास जुना आहे. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद यांनी १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले आणि १८१२ साली दिवाळे काढले. न्यूयॉर्कमध्ये १८९९ साली शेरीज या श्रीमंती उपाहारगृहाने रणजी स्माइल नावाचा आचारी आणला. वृत्तपत्रांनी त्याला राजपुत्र ठरवले आणि त्यानेही ते नाकारले नाही. पण हे अपवाद. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भूभागातून येणाऱ्यांना अमेरिकेचे दार बंद केले, १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांचा नागरिकत्वाचा हक्क नाकारला आणि १९४६ साली दार किलकिले झाले तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. मधल्या काळात न्यूयॉर्क बंदरात जहाज सोडून पळालेले बंगाली खलाशी हार्लेममध्ये स्थिरावले, कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन स्त्रियांशी त्यांनी संसार थाटले. त्यांपैकी काहींनी पुढे छोटी उपाहारगृहे काढली. विवेक बाल्ड यांच्या २०१३ सालच्या ग्रंथाने ही कहाणी उजेडात आणली, तोवर ती कुणाच्या गावी नव्हती.

१९६५ च्या कायद्यानंतर चित्र पालटले. मात्र त्या कायद्यान्वये आधी आले ते डॉक्टर, अभियंते आणि संशोधक. ही मंडळी उपाहारगृहे काढणारी नव्हती आणि फारशी तिथे जाणारीही नव्हती. ती घरी शिजवत आणि मसाले आणण्यासाठी मैलोगणती प्रवास करत. न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरील कलुस्त्यान यांचे दुकान १९४४ साली एका आर्मेनियन गृहस्थाने काढले होते. भारतीय बिऱ्हाडे डाळीसाठी तिथे जाऊ लागली आणि हळूहळू आजूबाजूचा परिसरच भारतीय झाला. उपाहारगृहांचा खरा विस्तार झाला तो १९८० च्या दशकात, जेव्हा या पहिल्या पिढीचे भाऊ, मेहुणे आणि भाचे कुटुंब-पुनर्मीलनाच्या तरतुदीखाली येऊ लागले. त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या किंवा असल्या तरी तिथे चालत नव्हत्या. ज्याला दुसरे काही जमत नाही त्याला स्वयंपाक जमतो, अशी एक समजूत सर्व स्थलांतरितांच्या नशिबी येते. तशी ती यांच्याही आली.

स्वयंपाकघरात पंजाबी किंवा सिल्हेटी, फलकावर मात्र ताजमहाल, महाराजा नाही तर ‘बॉम्बे’ अमुक. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाल्यावरही या फलकांवरचे बॉम्बे ढळले नाही. आणि आत गेल्यावर त्या बॉम्बेत गिरगाव नसे की परळ नसे. यादी पंजाबी होण्यामागे फाळणी आहे. पेशावरहून निर्वासित होऊन आलेले कुंदनलाल गुजराल आणि त्यांचे भागीदार यांनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ उभारले. गावातल्या भाकऱ्या भाजणारा तंदूर तिथे शहरी उपाहारगृहाचे मुख्य यंत्र झाला आणि उरलेल्या भाजक्या कोंबडीला टोमॅटो-लोण्याच्या रश्शात नवा जन्म मिळाला. हा रस्सा नेमका कुणाचा, याचा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन पोहोचला आहे; श्रेयनामावलीचे भांडण केवळ कवींमध्येच होते असे नाही. दिल्लीच्या अशा भोजनगृहांत तयार झालेले आचारी आणि त्यांच्या कृती आधी लंडनला, मग न्यूयॉर्कला गेल्या. विस्थापितांनी घडवलेले अन्न पुढे ‘भारतीय’ म्हणून जगभर ओळखले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बुफे मात्र भारतीय नव्हे. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ भिंतीलगतचे फडताळ. अमेरिकेत तो लोकप्रिय होण्यास स्वीडिश मेज कारणीभूत झाले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनात फिरत्या टेबलावर मांडलेले पदार्थ लोकांनी डोळे भरून पाहिले. १९४० च्या दशकात लास वेगासच्या एल रांचो जुगारगृहाने एक डॉलरात हवे तेवढे खा असा प्रघात पाडला. जुगाऱ्याने जेवायला बाहेर जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. १९५९ साली जॉनी गार्नो या उपाहारगृहचालकाने अन्नावर कलती काच बसवण्याच्या रचनेचे पेटंट मागितले. गिऱ्हाइकांच्या शिंका अन्नावर पडू नयेत म्हणून. पुढे हीच काच सार्वजनिक आरोग्याच्या नियमांत शिरली. म्हणजे भारतीय मालकाला टेबल, पात्रे, काच आणि ‘हवे तेवढे’ हा करार, सगळे तयार मिळाले. त्याने त्यात आपले पदार्थ ओतले, इतकेच.

पण का ओतले, याचे कारण व्यवहारात शोधले पाहिजे. दुपारच्या गिऱ्हाइकाला कार्यालयातून तासाभराची सुटी; तेवढ्यात त्याने अनोळखी नावांची यादी वाचायची, वाढप्याला प्रश्न विचारायचे आणि पदार्थाची वाट पाहायची हे जमणारे नव्हते. बुफेत नाव उच्चारावे लागत नाही, बोट दाखवले की पुरते, किंबहुना तेही लागत नाही. न आवडल्यास टाकून देता येते आणि फसवले गेल्याची भावना राहत नाही. मालकाच्या बाजूने पाहता, रात्रीच्या यादीसाठी कांदा-टोमॅटोचा जो मूळ रस्सा शिजवावाच लागतो त्यातून दुपार निघून जाते. तांदूळ, डाळ, छोले, बटाटा हे पोट भरणारे आणि स्वस्त. आणि वाढायला माणसे लागत नाहीत. अर्ध्याहून अधिक पात्रे शाकाहारी, त्यामुळे विद्यापीठांच्या गावांत शाकाहारी विद्यार्थ्यांचा तो मोठा आधार झाला. आमच्या परिचयातील कितीतरी संशोधकांच्या प्रबंधांची ऋणनिर्देशाची पाने या आधाराबाबत मौन पाळतात, हा कृतघ्नपणाच म्हणायचा.

आता मूळ प्रश्नाकडे. यादी ठरवली कुणी? आमचे उत्तर असे की, ती बऱ्याच अंशी वाफेच्या टेबलाने ठरवली. तीन तास उष्णतेवर बसून जे बिघडत नाही, उलट मुरते, तेच तिथे टिकते. दाट रस्सा, साय, टोमॅटो, शिजून मऊ झालेला पालक, घोटलेली डाळ ही सारी प्रतीक्षेला अनुकूल आहेत. डोसा पाच मिनिटांत चामड्यासारखा होतो, म्हणून उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांनाही बुफे लावताना डोसा बाजूला ताजा करून द्यावा लागे. आणि आपले? ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यापासून मरायला लागते. थालीपीठ ओलसर होते, साध्या वरणावर साय धरते, पिठल्याचा दगड होतो, फोडणीच्या पोह्यांचा पिसारा मिटतो. मराठी स्वयंपाकाचा मोठा भाग ‘आत्ता, गरम, पानात’ या क्रियाविशेषणांवर उभा आहे. तो वाढणाऱ्या हातावर अवलंबून आहे. आणि तो हात बहुधा अशा बाईचा, जी स्वतः शेवटी जेवते. अमेरिकी बुफेत मराठी पदार्थ दिसत नाहीत याचा दोष काही जण मराठी माणसाच्या उद्योगभीरू वृत्तीला देतात. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, म्हणून ते नेहमी हाताशी असते. पात्राखालच्या पाण्याचे तापमान त्याहून अधिक काही सांगते, असे आम्हांस वाटते. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेनुसार गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या खाली जाता कामा नये. ही अट ज्यांना मानवली ते पदार्थ ‘भारतीय’ झाले. बाकीचे घरी राहिले.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ सालच्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की, राष्ट्रीय पाकपरंपरा ही काही सापडणारी वस्तू नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या शहरी मध्यमवर्गीय स्त्रियांच्या पाकपुस्तकांनी ती स्वातंत्र्योत्तर काळात घडवली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) किंवा कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (१९७०) यांना ‘भारतीय’ होण्याची गरज भासली नव्हती. मराठी घर हीच त्यांची सृष्टी होती. बुफे हे अप्पादुराईंच्या सिद्धांताचे पुस्तकाविना झालेले प्रात्यक्षिक आहे. तो एक प्रातिनिधिक संग्रह आहे, अकरा-बारा नोंदींचा, आणि प्रातिनिधिक संग्रहांचे सर्व दोष त्यात आहेत. मधुर जाफरी यांनी १९७३ च्या आपल्या पहिल्या पाकपुस्तकात अमेरिकेतील भारतीय उपाहारगृहांविषयी नापसंती व्यक्त केली होती. ती रास्तच होती; पण मूळ संहिता जाणणाऱ्याने भाषांतरावर घेतलेला आक्षेप आणि भाषांतराखेरीज दुसरे काहीच न लाभलेल्या वाचकाचा आनंद, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भाषांतराचे दोष विनोदीही असतात. पोर्तुगीजांचे मद्यार्क-लसणीतले मांस गोव्यात आले, मद्याच्या जागी ताडीचा शिरका आला, नाव झाले विंदालू. त्यातला शेवटचा भाग लसणीचा वाचक. पण हिंदी कानाला त्यात ‘आलू’ ऐकू आला आणि परदेशी उपाहारगृहांच्या विंदालूत बटाटे पडू लागले. एका शब्दाच्या चुकीच्या व्युत्पत्तीतून पदार्थाची घटना बदलते, याहून चांगले उदाहरण भाषाविज्ञानाच्या वर्गासाठी शोधून सापडणार नाही.

पदार्थांहून मोठा बदल झाला तो मांडणीत. मराठी ताटाला व्याकरण आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भाताची मूद, वर वरण, तूप. कशानंतर काय यावे, पहिला भात कोणता, मधला कोणता, ताकभात कधी, हे ठरलेले. डावीकडचे उजवीकडे आले तर वाढणारा नवशिका हे लगेच कळे. थाळी पुरवणाऱ्या भोजनगृहांनी हे व्याकरण बरेचसे राखले आणि ‘हवे तेवढे’ हा करारही पाळला, पण त्यात वाढपी होता आणि त्याच्याबरोबर आग्रह होता. बुफेत आग्रह संपला. तिथे प्रत्येक जण आपल्या पानाचा कर्ता. छोल्यांशेजारी खीर, रायत्यात गुलाबजामाचा पाक, भातावर एकदम तीन रस्से. शुद्धलेखनाच्या अभिमान्यांना हे पाहवत नाही. पण आग्रह म्हणजे निव्वळ माया नव्हे. कुणाला किती आग्रह करायचा यात नाते, वय, पैसा आणि जात यांचे बारीक हिशेब असत.

पंगतीचा इतिहास हा आपल्या समाजसुधारणेचाच इतिहास आहे. धर्मशास्त्राने काही ब्राह्मणांना ‘पंक्तिपावन’ म्हटले, म्हणजे ज्यांच्या बसण्याने पंगत पवित्र होते असे. मग काहींच्या बसण्याने ती बाटते हे ओघानेच आले. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे, आणि सभा गुप्त ठेवावी लागे. १८८३ साली अमेरिकेत उतरलेल्या आनंदीबाई जोशी तिथेही शाकाहारी राहिल्या. वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या त्या तरुणीला आपले अन्न आपणच शिजवून घेण्याची यातायात परक्या थंडीत करावी लागली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८९० साली, त्यांचेच पती गोपाळराव यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये प्रतिष्ठितांना बोलावून चहा देवविला आणि हजर असलेल्यांची नावे छापून आणली. टिळक आणि रानडे दोघेही त्या यादीत होते. काहींनी पेल्याला स्पर्शही केला नव्हता, पण ग्रामण्य सुटले नाही. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याचा हा हिशेब आहे.

त्यानंतर शंभर वर्षांनी न्यू जर्सीतल्या एखाद्या उपाहारगृहात एकाच पळीला सर्वांचे हात लागत होते. कोंबडीच्या पात्राशेजारी पनीरचे पात्र, मध्ये बोटभर स्टील. आचारी कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायला समोर कुणी नाही. येथे एक विलक्षण योगायोग नोंदवावासा वाटतो. वर उल्लेखिलेल्या त्याच अमेरिकी अन्नसंहितेत असा नियम आहे की, गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा वाढून घ्यायला वापरलेली बशी नेऊ नये, दर वेळी स्वच्छ बशी घ्यावी. ज्या उष्ट्या-खरकट्याला सुधारकांनी अंधश्रद्धा म्हटले, ते जंतुशास्त्राच्या दारातून परत आले. मात्र फरक मूलभूत आहे. आपल्या उष्ट्यात माणूस विटाळत होता. त्यांच्या नियमात बशी. नियम सर्वांच्या बशीला सारखाच लागू, म्हणून त्यात अपमान नाही.

तरीही या समतेचे गोडवे फार गाता येत नाहीत, कारण ती स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापाशी थांबते. बुफेने वाढप्याला जसे कमी केले तसे आचाऱ्याला अदृश्य केले. बक्षिसीवर जगणाऱ्या नोकरांसाठी १९९१ साली ठरलेले तासाला २.१३ डॉलरचे किमान संघराज्यीय वेतन तीस वर्षांहून अधिक काळ तेवढेच राहिले. आणि ज्या जेवणात गिऱ्हाईक स्वतःच वाढून घेतो तिथे बक्षिसी कितीशी मिळणार? किरण देसाई यांच्या ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ (२००६) या कादंबरीतला बिजू न्यूयॉर्कच्या ‘गांधी कॅफे’त काम करतो. गोमांस शिजवावे लागू नये म्हणून तो तिथे आलेला. मालक हरीश, जो हॅरीही आहे, नोकरांना उपाहारगृहातच झोपू देतो आणि त्या उपकाराची किंमत वेतनातून वसूल करतो. बिजू घसरून पडतो, गुडघा दुखावतो, तेव्हा उपचाराचा खर्च मालकाला आठवत नाही. भारतीय समीक्षकांनी या कादंबरीतील कालिम्पोंगवर भरपूर लिहिले, तळघरावर त्या मानाने कमी. आम्हांला ते तळघर हाच कादंबरीचा सर्वांत सच्चा भाग वाटतो. आणि जात समुद्र ओलांडत नाही हा भ्रमही फार काळ टिकला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगरपरिषदेला जातीवर आधारित भेदभावास बंदी घालणारा ठराव करावा लागला.

बुफेच्या स्वस्ताईचीही एक गोष्ट आहे. कृष्णेंदू राय यांनी ‘द एथ्निक रेस्टोरेटर’ (२०१६) या ग्रंथात मांडले आहे की, एखाद्या समाजाच्या अन्नाला अमेरिकेत मिळणारी किंमत ही चवीपेक्षा त्या समाजाच्या पतीवर ठरते. जपान श्रीमंत झाला तशी त्याची थाळी महाग झाली. गरीब स्थलांतरितांचे अन्न स्वस्तच असले पाहिजे अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा राहिली. बुफेने ती अपेक्षा पोसली. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांची पिढी आली, तिला स्वतःच्या प्रांताची चव हवी होती. चेट्टिनाड आले, हैदराबादी आले, इथे-तिथे वडापावही आला. मग मार्च २०२० मध्ये महासाथीने स्वतः वाढून घेण्याची रीतच बंद पाडली. ‘सूपप्लँटेशन’ आणि ‘स्वीट टोमॅटोज’ या अमेरिकी साखळीने मे २०२० मध्ये आपल्या ९७ शाखा मिटल्या. भारतीय मालकांपैकी काहींनी टेबल परत मांडले, काहींनी फक्त शनिवार-रविवारी, आणि अनेकांनी त्या जागी घरपोच पिशव्यांसाठी फळ्या बसवल्या.

या साऱ्याची नोंद कुठे सापडेल? न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात उपाहारगृहांच्या पदार्थपत्रिकांचा प्रचंड संग्रह आहे, सुमारे ४५,०००. फ्रँक बटॉल्फ नावाच्या बाईंनी १९०० च्या सुमारास तो जमवायला घेतला. पण बुफेला पदार्थपत्रिका नसते. पात्राच्या कडेला टेकवलेला एक कागदाचा तुकडा असतो, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वाफेने शाई ओघळलेला, ‘चना मसाला’ असे काहीतरी लिहिलेला. दुपारी अडीच वाजता पात्राबरोबर तोही उचलला जातो. उरतात ती स्थानिक वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील कात्रणे: दोन जेवणांवर एक डॉलर सूट, रविवारी लागू नाही.